सवलतीसाठी थांबू नका

(दहावी १९७६ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, वाई येथे, दुपारच्या सत्रात केलेले भाषण.)



बासुंदीचं जेवण झाल्यावर ज्याचं भाषण ठेवतात, त्याच्यावर संयोजकांचा जुना राग असतो. त्यामुळे ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी. गणिताच्या तासाला घेत होतो तशीच घ्यावी. आज खडू फेकून मारणारं कोणी नाही.

मला विषय दिलाय 'निवृत्तीनंतरचं नियोजन'. का दिला ते उघड आहे. मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात ३४ वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी पेन्शनच्या टेबलावर. वाई–सातारा एसटीचा पास काढून रोज जायचं आणि दिवसभर दुसऱ्यांची निवृत्ती मोजायची. किती गुरुजींची, ग्रामसेवकांची, आरोग्य सेविकांची पेन्शनची कागदपत्रं या हातांखालून गेली, त्याची गणती नाही. सेवापुस्तकात जन्मतारीख एक आणि दाखल्यावर दुसरी, बायकोचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं, नामनिर्देशनाचं पान कोरंच. हे सगळं मी दुरुस्त करून घेत असे. समोर बसलेल्या माणसाला म्हणत असे, "गुरुजी, घरी वहिनींना सगळं सांगून ठेवलंय ना? कुठला कागद कुठं आहे ते?" गुरुजी मान हलवायचे. मी पुढची फाईल ओढायचो.

तेव्हा तुम्हाला वाटेल, हा मनुष्य स्वतःच्या बाबतीत पक्का असणार. मी पक्का नव्हतो, आणि तेच सांगायला उभा आहे.

फेब्रुवारी २०१८ ला मी ५८ पूर्ण करून निवृत्त झालो. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लागतो. तो काढायला आम्ही फोटो स्टुडिओत गेलो, तेव्हा आमची सौ. म्हणाली, "लग्नानंतर आपला दोघांचाच असा हा दुसरा फोटो. तोही सरकारनं मागितला म्हणून."

मी हसलो. तिनं लगेच दुसरी गोष्ट काढली. "आता तरी कन्याकुमारीला जाऊ या."

आमची सौ. वाईचीच. समुद्र म्हणजे तिला कोकणातला. गणपतीपुळ्याला सूर्य पाण्यात बुडताना तिनं लहानपणी पाहिला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एक बसलं, की सूर्य पाण्यातून वर येतानाही बघायचा. आपल्याकडे तो सह्याद्रीच्या आतल्या बाजूनं येतो आणि समुद्रात जातो. तिला उलटं बघायचं होतं. एवढीच मागणी. सोनं नाही, परदेश नाही.

मी हिशेबी माणूस. म्हटलं, रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे. बाईला ५८ ला ५० टक्के, पुरुषाला ६० ला ४० टक्के. दोन वर्षं थांबलो तर दोघांचीही बचत. शिवाय घराला प्लॅस्टर करायचं होतं, मुलीचं लग्न होतं. तिनं "बरं" म्हटलं. बायकांचं "बरं" किती प्रकारचं असतं ते सभागृहातल्या पुरुषांना मी सांगायला नको.

फेब्रुवारी २०२० मध्ये मला ६० पूर्ण झाली. दुसऱ्याच आठवड्यात एप्रिलची तिकिटं काढली, सवलतीसह. मार्चमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आधी रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली, मग दोन-चार दिवसांत गाड्याच बंद केल्या. पैसे पूर्ण परत मिळाले, ते बघून मला बरंही वाटलं. बघा माणूस कसा असतो. सवलत तेव्हा जी बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. ज्या सवलतीसाठी मी दोन वर्षं थांबलो, ती मला एक दिवसही वापरता आली नाही.

यावर शहाणा झालो असतो तर ठीक. पण मी नवा हिशेब मांडला. निवृत्तीच्या वेळी मी ४० टक्के पेन्शन विकली होती, घरासाठी. ती १५ वर्षांनी पुन्हा पूर्ण सुरू होते. म्हणजे २०३३ ला. मी सौ.ला म्हटलं, "तेव्हा हात मोकळा होईल, मग भारतभर फिरू." ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही ७३ आणि मी ७२. बसून फिरायचं असेल तर आत्ताही टीव्हीवर फिरता येतं."

आता जुलै २०२२ कडे येतो.

पावसाची रात्र होती. अडीचच्या सुमाराला छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि साताऱ्याला नेलं. तिथं सांगितलं, हृदयाची रक्तवाहिनी बंद आहे, लगेच अँजिओप्लास्टी करायला हवी, ५० हजार भरा. मुलगी पुण्यात. रात्रीची वेळ, फोन उचलत नव्हती.

आता माझ्या घरची व्यवस्था ऐका. पेन्शनचं खातं माझ्या एकट्याच्या नावावर. ठेवी माझ्या एकट्याच्या नावावर. एटीएमचा नंबर माझ्या डोक्यात. मेडिक्लेमचा कागद कपाटात कुठल्या पिशवीत, तेही माझ्याच डोक्यात. सगळीकडे नॉमिनी म्हणून मात्र सौ.चं नाव, न चुकता, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जात तो रकाना भरून घेतला होता. पण मित्रांनो, नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर. माणूस आजारी असताना नॉमिनीला बँकेतून शंभर रुपयेही मिळत नाहीत. म्हणजे मी मेलो असतो तर तिची सोय होती. जगायला मदत करायची, तर तिच्यापाशी डाळीच्या डब्यातले साडेचार हजार रुपये होते.

तिनं फोन केला आपल्या वर्गातल्या एकाला. तो समोर बसलाय, नाव घेऊ नको म्हणून सकाळीच बजावलंय, म्हणून घेत नाही. बाजारपेठेत त्याचं किराणा दुकान आहे एवढं सांगितलं की तुम्ही ओळखालच. तो पहाटे चारला पावसात भिजत साताऱ्याला आला. वर्तमानपत्राच्या कागदात दुकानाच्या गल्ल्यातले पैसे गुंडाळलेले. दहा-वीसच्या नोटासुद्धा होत्या त्यात. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. त्याला आयुष्यात एक रुपया पेन्शन नाही. गल्ला हीच त्याची पेन्शन. आणि पेन्शनच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाचे प्राण त्या गल्ल्यानं वाचवले.

तिसऱ्या दिवशी मला खोलीत आणलं. सौ. स्टुलावर बसली होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही इतक्या लोकांना विचारलंत, घरी वहिनींना सांगितलंय का म्हणून. मला नाही सांगितलंत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मला वाटायचं, तिला त्रास कशाला. खरं कारण वेगळं होतं. पैशाच्या किल्ल्या आपल्या कनवटीला असल्या की आपण अजून नोकरीत आहोत असं वाटतं.

घरी आल्यावर आम्ही एक लाल वही केली. डावीकडे काय आहे, उजवीकडे ते कुठं आहे. पेन्शनचा आदेश, त्याचा क्रमांक, बँकांची खाती, विमा, घरपट्टी, गॅस, कुणाचं देणं, कुणाचं घेणं. ठेवी मुदत संपेल तशा दोघांच्या नावावर केल्या, दोघांपैकी कोणीही काढू शकेल अशा. पहिल्यांदा बँकेत पैसे काढायची स्लिप भरताना तिचा हात थरथरला. आता ती मला विचारते, "किती हवेत? कशाला?"

आणि एक गणित तिला समजावून सांगितलं, जे मी ऑफिसात रोज करायचो आणि घरी कधी केलं नव्हतं. शेवटचा मूळ पगार १०० रुपये धरा. पेन्शन ५०. नवरा गेला तर मागे राहणारीला, सुरुवातीची काही वर्षं सोडली, तर ३०. वर महागाई भत्ता. पण एक माणूस कमी झालं म्हणून लाईटबिल कमी होत नाही, गॅस निम्मा लागत नाही, आणि दवाखाना तर वाढतोच. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे आत्ता ५० मध्ये राहतो, तेव्हाच २० बाजूला काढायची सवय लावायला पाहिजे." ३४ वर्षांच्या नोकरीत मला हे कुणाला इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

२०२३ ला पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि व्याज ८.२ टक्के झालं. आम्ही ३० लाखवाले नव्हे. पण ४ लाख तिच्या नावावर ठेवले. दर तिमाहीला ८,२०० रुपये तिच्या खात्यात येतात. ठरवलं, या पैशाला घरखर्चात हात लावायचा नाही. हे प्रवासाचे. मुद्दल म्हातारपणाचं, व्याज कन्याकुमारीचं.

आणि जानेवारी २०२५ मध्ये आम्ही गेलो. पूर्ण भाड्यानं. सवलत शून्य. आता आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे नोव्हेंबरमध्येच बसून तिकिटं काढली. खालचे बर्थ मिळाले, तेवढाच वयाचा मान. पुण्याहून थेट गाडीत दोन रात्री. बरोबर किराणावाला मित्र आणि त्याची बायको. त्यानं दुकानाला आठ दिवस कुलूप लावलं आणि दारावर पाटी लिहिली, 'मालक सहलीला गेले आहेत'. लोक म्हणे दार बंद आहे म्हणून नव्हे, पाटी वाचायला येत होते.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही किनाऱ्यावर. चारी बाजूंनी माणसं, मफलर, मोबाईल. आणि समोर ढग. सात वाजले तरी ढगच. नुसताच उजेड झाला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. पण मी एक गोष्ट शहाणपणाची केली होती. तीन दिवसांचा कार्यक्रम चार दिवसांचा केला होता, मधे एक दिवस रिकामा. हिशेबात तो वाया जाणारा दिवस होता.

त्या दिवशी आम्ही बोटीनं विवेकानंद शिलास्मारकावर गेलो. हे स्मारक उभं केलं आपल्या एकनाथजी रानडे यांनी, १९७० साली ते पूर्ण झालं. देशभरातून एक-एक रुपया गोळा केला होता. आमचा मित्र बोटीतून उतरताना म्हणाला, "आमच्या अण्णांनी दुकानातून रुपया दिला होता. व्याजासकट बघायला आलोय." शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांचा १३३ फुटांचा पुतळा आहे. दोन्ही खडक जोडणारा काचेचा पूल महिनाभरापूर्वीच, ३० डिसेंबरला सुरू झाला होता. ७७ मीटर लांब, आणि पायाखाली समुद्र. मी कठडा धरून चाललो. सौ. मधोमध चालली.

दुसऱ्या दिवशी पद्मनाभपुरमचा राजवाडा बघायला गेलो. सगळा लाकडी, फार सुंदर, आणि आत अरुंद उभे जिने. सौ.चे गुडघे गेल्या दोन-तीन वर्षांत बिघडलेत. तिनं पहिला जिना बघितला आणि बाहेर अंगणात बसली. म्हणाली, "तुम्ही बघून या आणि मला सांगा." मी वर गेलो. प्रत्येक दालनात गाईड काहीतरी सांगत होता आणि मला खाली अंगणात बसलेली ती दिसत होती. २०१८ ला ती वैराटगड चढली होती. माझ्या आधी वर पोचली होती. सवलतीसाठी थांबून मी तिकिटात जे वाचवणार होतो, त्याची किंमत तिच्या गुडघ्यांनी भरली. पैशाला व्याज लागतं, मुदत वाढवता येते. पायांना मुदतवाढ नाही.

तिसऱ्या पहाटे पुन्हा किनाऱ्यावर गेलो. आकाश स्वच्छ होतं. आधी एक लाल चकती, मग अर्धा, मग पूर्ण. सौ. काही बोलली नाही. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "बुडायला जेवढा वेळ लावतो त्यापेक्षा लवकर वर येतो." मग पर्स उघडली आणि चौघांच्या चहाचे पैसे तिनं दिले. त्या प्रवासात सगळा हिशेब तिच्याकडे होता. परत आल्यावर लाल वहीत शेवटच्या पानावर लिहिलं, कन्याकुमारी, दोघांचे मिळून २७,४०० रुपये. खाली रेघ मारली आणि लिहिलं, पुढचे?

मित्रहो, आता सगळ्यांचं एक बोलू.

सकाळी नाव नोंदवताना आपल्यातला एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू पेन्शनवर बोलणार आहेस. मला कारखान्याची पीएफची पेन्शन महिन्याला दोन हजार शंभर येते. माझ्यासाठी काय सांगणार?" मी त्याला खोटं काही सांगणार नाही. त्या पेन्शनचा किमान आकडा २०१४ ला १,००० झाला आणि तिथंच आहे. दोन हजारांत निवृत्तीचं नियोजन होत नाही, औषधंही होत नाहीत. आपल्यात शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, घर सांभाळलेल्या बहिणी आहेत, ज्यांना कुणीच निवृत्त केलं नाही आणि करणारही नाही. ज्यांना दरमहा १ तारखेला पैसे येतात असे आपण थोडे आहोत. हे आपल्या हुशारीनं झालं असं मला वाटत नाही. वेळेवर नोकरी लागली, एवढंच.

म्हणून उपदेश थोडका. नॉमिनी लिहिलं म्हणून निश्चिंत राहू नका, खात्यात जोडीदाराचं नाव घाला. एक वही करा आणि ती कुठं ठेवलीय ते दोघांना माहीत असू द्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देता, तेव्हाच ती वही वाचून दुरुस्त करा; आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण वहीला चेहरा नाही, ती हातानंच भरावी लागते. आणि जोडीदाराची एक इच्छा ठाऊक असेल, तर ती यंदा करा. आपण ६५ ओलांडली, एसटी आता निम्म्या भाड्यात नेते, बायकांना तर कुठल्याही वयात. सवलत आहे तर घ्या. पण सवलत येईल म्हणून थांबू नका.

शेवटी एक कबुली आणि एक सूचना.

नववीत आपली सहल प्रतापगडला गेली होती. लाल एसटी, पसरणीचा घाट, निम्म्या वर्गाला उलट्या. वर्गणी ५ रुपये. आपल्या वर्गशिक्षकांनी खडूची रिकामी पेटी टेबलावर ठेवली होती, झाकणाला फट पाडलेली. म्हणाले, "कागदात गुंडाळून टाका, नाव लिहू नका." सगळ्यांनी टाकले. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "पैसे बरोबर भरले. उद्या सहाला स्टँडवर या."

त्या पेटीत मी कोरा कागद टाकला होता. घरी ५ रुपये नव्हते. पैसे बरोबर भरणं शक्यच नव्हतं. कमी पडलेले कुणी घातले हे सरांनी कधी सांगितलं नाही. ५० वर्षांत मी हे कुणाला बोललो नाही, सौ.लासुद्धा नाही. ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तिलाही आत्ताच कळतंय.

तर सूचना अशी. पुढच्या थंडीत पुन्हा प्रतापगडला जाऊ. लाल एसटीनंच. ज्याला चढवत नाही तो खाली बसेल, पण त्याच्यासोबत कुणीतरी खाली बसेल. चहाच्या टेबलावर मी खडूची पेटी ठेवलीय, झाकणाला फट पाडून. ज्याला जे जमेल ते कागदात गुंडाळून टाका, नाव लिहू नका. कोरा कागद चालेल.

पैसे बरोबर भरतील.